बुलेटवर दोघांचं सामान: डबे, सॅडलबॅग की आणखी काही?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी,

गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०, नवीन इंजिनाची. डिसेंबरात मी आणि बायको कोकण किनारा करणार आहोत. ताम्हिणी, माणगाव, दिवेआगर, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून फेरीने वेश्वी, मग केळशी-आंजर्ले-दापोली करत दाभोळची फेरी पकडून गुहागर. परतीला चिपळूणवरून कुंभार्ली घाट. हे नीट जमलं तर पुढच्या वर्षी स्पिती.

एकटा फिरायचो तेव्हा पाठीवरची सॅक पुरायची. मागे माणूस बसणार म्हटल्यावर सॅकचा विषय संपला. नाना पेठेत भरपूर चौकशी केली. एक दुकानदार ॲल्युमिनियमच्या तीन डब्यांचा सेट घ्या म्हणतो, दुसरा नुसता टॉप बॉक्स, म्हणजे मागे कॅरिअरवरचा एकच डबा. ऑफिसातला मित्र सॅडलबॅगशिवाय (दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी बॅगा) दुसरं काही ऐकायलाच तयार नाही.

माझा कल डब्यांकडे आहे. कुलूप लागतं, पाणी आत जात नाही, एकदा पैसे घातले की स्पितीलाही तेच चालतील. जोडीने लांब फिरलेल्यांनी सांगा, डबे घेऊ नयेत असं काही सबळ कारण आहे का? आणि तुम्ही सामान गाडीवर कसं विभागता?

घाटमाथा

रुमाल टाकून ठेवतो. यावर बोलण्यासारखं खूप आहे, रात्री लिहितो.

नानापेठकर

कर्वेनगरकर, बॅग कुठली हे सगळ्यात शेवटी ठरवा. आधी दोन आकडे काढा. सामान किती किलो, आणि गाडी किती पेलते.

गाडीच्या पुस्तिकेत एकूण वजनाची मर्यादा दिलेली असते. त्यातून गाडीचं वजन वजा करा (क्लासिकचं पेट्रोलसकट १९५ किलो), मग तुम्हा दोघांचं हेल्मेट-जॅकेट-बुटांसकट वजन वजा करा. उरेल त्यात सामान, बॅगा आणि बॅगा अडकवायचा लोखंडी सांगाडा, सगळं बसलं पाहिजे. सांगाड्याचं वजन कोणी धरतच नाही. लडाख कॅरिअर (डबे अडकवायचा मोठा लोखंडी सांगाडा) आणि तीन डबे रिकामे असतानाच सहज पंधरा-वीस किलो भरतात. एकट्या माणसाला ते चालून जातं. जोडीने जाताना मात्र कपड्यांचं आणि हत्यारांचं जवळजवळ सगळं वजन त्या रिकाम्या धातूतच संपतं.

आता वजन कुठे ठेवायचं ते. क्लासिकच्या दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर १३९० मिमी. समजा टॉप बॉक्समधलं सामान मागच्या आसाच्या ४० सेंमी मागे आहे आणि ते १० किलो आहे. तरफेचा साधा हिशेब मांडला तर मागच्या चाकावर जवळपास १३ किलो येतात आणि पुढचं चाक ३ किलोने हलकं होतं. तेच १० किलो टाकीवर ठेवले तर दोन्ही चाकं ते वाटून घेतात. घाट चढताना पुढचं चाक आधीच हलकं झालेलं असतं, मागे बायको बसलेली असते, त्यात आणखी मागे वजन गेलं की वळणावर हँडल हवं तसं ऐकत नाही. हायवेला वेग वाढवला की गाडी डोलायला लागते.

तेव्हा जड वस्तू खाली, मधोमध आणि शक्य तितक्या पुढे. हलक्या वस्तू मागे आणि वर. टॉप बॉक्स घ्यायचा असेल तर घ्या, पण त्यात रेनकोट, स्वेटर, खाऊ एवढंच. डब्यावर आणि त्याच्या प्लेटवर वजनाची मर्यादा छापलेली असते, ती वाचा. डब्यात किती मावतं आणि डबा किती पेलतो यात खूप फरक असतो.

हिंजवडी_एक्स्प्रेस

टॉप बॉक्सच्या बाजूने माझं मत नोंदवा. वर्षातले मोजके दिवस आपण कोकणात असतो, बाकीचे दिवस ऑफिसात. रोज हेल्मेट, रेनकोट, लॅपटॉप, येताना भाजी, सगळं एका कुलपात. गाडी लावली की हात मोकळे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बाजूचे डबे घेऊन फिरणं म्हणजे चांदणी चौकात प्रत्येक रिक्षाशी ओळख करून घेणं.

मागची सीट

मी चालवत नाही, मागे बसते. भरपूर बसले आहे, म्हणून लिहिते. इतकी चर्चा झाली, पण मागे बसणाऱ्याला विचारा असं अजून एकानेही म्हटलेलं नाही.

बाजूचे डबे किंवा बॅगा बसवल्यावर मागच्या फूटपेगवर पाय ठेवून बघायला सांगा. डब्याची पुढची कड पोटरीला लागत असेल तर पुण्यातून चांदणी चौकापर्यंत काही वाटत नाही, ताम्हिणी उतरेपर्यंत तिथे काळंनिळं होतं. पाय पुढे सरकवून बसावं लागलं की गुडघे आणि कंबर धरतात. सांगाडा एक-दोन इंच मागे घेता येतो का हे दुकानातच बघायचं, आणि बघताना मागे बसणारी व्यक्ती सोबत हवी.

दुसरं, सीटवर बॅग बांधली की जागा माझी कमी होते. चालवणाऱ्याला ते कळतच नाही, कारण त्याची जागा तेवढीच असते. बॅग सीटवर अजिबात चढता कामा नये, मागच्या कॅरिअरवरच संपली पाहिजे.

तिसरं, टॉप बॉक्सला पाठीची गादी लावली तर खरंच आराम मिळतो. नानापेठकरांचं गणित मला पटतं, पण लांबच्या प्रवासात पाठ टेकायला मिळणं ही चैन नाही. मागचं माणूस थकलं की ते डुलक्या घेतं किंवा सारखं हलतं, आणि त्याचा त्रास चालवणाऱ्यालाही होतोच. लहान डबा, गादी लावलेला, आत हलकं सामान. मला हा मधला मार्ग चांगला वाटतो.

कर्वेनगरकर, वहिनींना हा धागा वाचायला द्या.

कर्वेनगरकर

दिला. तिचं म्हणणं, "मागची सीट" यांचा प्रतिसाद छापून कपाटावर लावायचा.

जुना_यझदी

आमच्या काळात असलं काही नव्हतं. जुन्या बाजारातून लष्करी कॅनव्हासच्या पिशव्या आणायच्या, बोहरी आळीतून दोरी, आणि यझदीला दोन्ही बाजूंनी बांधायच्या. कोकणात जाऊन यायचो. पाऊस असेल तर आत ताडपत्रीचा तुकडा.

दोरीचं एक सांगतो, कारण आता ते कोणी शिकवत नाही. ट्रकवाले माल आवळायला जी गाठ मारतात ती शिकून घ्या. दोरीत मध्ये एक फासा करायचा, टोक कॅरिअरखालून घालून त्या फाशातून ओढायचं आणि मग बांधायचं. फाशामुळे ओढ जवळपास दुप्पट मिळते आणि सोडताना एका झटक्यात सुटते. पट्टा तुटला, बकल फुटलं, तरी दोरी आणि ही गाठ माणसाला घरी आणते.

घाटमाथा

आता सविस्तर.

कर्वेनगरकर, तुम्ही विचारलंत डबे का घेऊ नयेत. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं कारण पाय. कच्च्या रस्त्यावर गाडी आडवी होते ती बहुतेक वेळा कमी वेगात, दगडावर किंवा वाळूत चाक सरकून. अशा वेळी माणूस आपोआप पाय टेकतो. टेकलेला पाय मागे राहतो आणि मागून डब्याची कड त्यावर येते. घोटा आणि नडगी मोडण्याच्या गोष्टी हिमालयात फिरणाऱ्या कोणालाही विचारा. कापडी बॅग त्याच जागी आली तर दबते. तिचंही वजन असतंच, पण धारदार कड नसते. स्पितीत ग्रामफू-बातल पट्ट्यात दगड आणि पाण्याचे ओढे आहेत, तिथे हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरं, रुंदी. तीन डब्यांची गाडी हँडलपेक्षा मागे रुंद होते आणि चालवणाऱ्याला ती रुंदी दिसत नाही. कोकणातल्या फेऱ्यांवर गाड्या, जीप आणि माणसं अशी खेटून उभी करतात की वळायला जागा नसते. तुमच्या वाटेत दोन फेऱ्या आहेतच. पुढे जयगडला जायचं ठरलं तर तवसाळची आणखी एक.

तिसरं, कापडी बॅगा आता फार चांगल्या निघाल्या आहेत. व्हायाटेरा, रायनॉक्स, गार्डियन गिअर्स हे आपल्याकडचे उत्पादक दोन्ही प्रकार बनवतात: वेगळं रेनकव्हर लागणारे आणि मुळातच जलरोधक, तोंड गुंडाळून बंद होणारे. माझं मत दुसऱ्या प्रकाराला. रेनकव्हरला आधीच वारा लागतो, ताम्हिणीच्या पावसात ते फुग्यासारखं फुगतं आणि तळाशी पाणी धरून ठेवतं. बॅग वरून कोरडी, खालून ओली. गुंडाळायच्या बॅगेला तोंडाशी किमान तीन घड्या पडल्या पाहिजेत. दोनच पडत असतील तर बॅग जास्त भरली आहे असं समजा.

क्लासिकला एक काळजी. सायलेन्सर उजवीकडे, लांब आणि खाली. सॅडल स्टे, म्हणजे बॅगेला चाकापासून दूर धरणाऱ्या लोखंडी दांड्या, लावल्याशिवाय सॅडलबॅग टाकू नका. बॅग आत झुकली की एकतर चाकाला लागते नाहीतर सायलेन्सरवर टेकते, आणि वितळलेलं नायलॉन सायलेन्सरवरून काढणं हे फार किचकट काम आहे. उजवी बॅग भरल्यावर, तुम्ही दोघं बसल्यावर आणि स्प्रिंग दबल्यावर तिचा तळ आणि सायलेन्सर यात बोटं सहज गेली पाहिजेत. रिकामी बॅग लावून बघण्याला काही अर्थ नाही.

कडीकोयंडा

घाटमाथा यांच्याशी अर्धा सहमत.

पायाचं म्हणणं बरोबर. पण डब्याची बाजूही मांडतो. रस्त्यात थांबून गड बघायला वर जायचं असेल, किनाऱ्यावर चालायचं असेल, तर कापडी बॅगेत सामान ठेवून जाताना मन खाली गाडीपाशीच राहतं. चोर ब्लेड मारून बॅग कापू शकतो. डबा फोडायला वेळ आणि आवाज दोन्ही लागतं. गुहागरला किनाऱ्यावर दोघांनाही पाण्यात उतरायचं असेल तर कॅमेरा, पाकिटं, फोन ठेवायला कुलूप हवंच.

शिवाय ॲल्युमिनियमचा डबा आपटून वाकडा झाला तर कुठल्याही गावात लाकडी ठोकळा आणि हातोडीने सरळ होतो. प्लास्टिकचा डबा चिरला की संपलं. ॲल्युमिनियमची एक खोड मात्र आहे. आत वस्तू घासल्या की काळी भुकटी सुटते आणि कपड्यांना लागते. आत कापडी थैली घालूनच कपडे ठेवायचे. ती थैली रात्री खोलीवर न्यायलाही बरी पडते, डबा गाडीवरच राहतो.

घाटमाथा

>> गुहागरला किनाऱ्यावर दोघांनाही पाण्यात उतरायचं असेल

हा मुद्दा मान्य. म्हणून किमती सामान टँकबॅगेत (पेट्रोलच्या टाकीवर बसणारी लहान बॅग) ठेवावं, ती काढून हातात घेता येते. क्लासिकची टाकी लोखंडी आहे, चुंबकाची टँकबॅग छान बसते. ठेवण्याआधी टाकी आणि चुंबक दोन्ही पुसायचे, कारण मध्ये बारीक धूळ अडकली की रंगावर ओरखडे येतात. चुंबकाजवळ पट्टीवालं कार्ड ठेवायचं नाही. आणि बॅग बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. बॅगेच्या कडेने हॉर्न दाबला जातो किंवा हँडल पूर्ण वळत नाही, हे सोसायटीच्या फाटकातच कळलेलं बरं.

किनाऱ्यावर मात्र दोघांपैकी एकाने कोरड्यात थांबावं लागेल, त्याला इलाज नाही.

पौड_रोडची_पहाट

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही. पहाटे मुळशीकडून शहरात येणाऱ्या दुधाच्या गाड्या नीट बघा. ४० लिटरचं कॅन, म्हणजे भरल्यावर दुधाचेच ४१ किलो. अशी दोन कॅन दोन बाजूंना, आसाच्या उंचीला लटकवलेली. सांगाडा गाडीच्या चासीला पक्का. डावी-उजवी समान. वर काहीच नाही. खड्डे चुकवत ती माणसं ज्या सफाईने येतात ते बघण्यासारखं असतं. नानापेठकरांनी तरफेचा हिशेब सांगितला, तो या लोकांनी हाताने शोधून काढलेला आहे.

सह्याद्रीची_लेक

दूधवाल्यांचं निरीक्षण फार आवडलं. पण त्या गाड्यांना मागे माणूस नसतो आणि ब्रेक लागायला खूप अंतर लागतं, हेही लक्षात असू द्या.

मी एक्सपल्स ही उंच मोटारसायकल चालवते, एकटी फिरते. माझ्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न चढण्या-उतरण्याचा आहे. मागे उंच बॅग बांधली की पाय वरून टाकता येत नाही, डाव्या फूटपेगवर उभं राहून पाय पुढून घालावा लागतो, तोही स्टँडवर भार टाकून. म्हणून मागची बॅग मी आडवी आणि बुटकी ठेवते. सांगाड्याशिवाय बसणारी घोड्याच्या नालाच्या आकाराची बॅग असते, सीटवर मागून अडकते आणि दोन्ही बाजूंना खाली उतरते. एकट्या माणसाला ती उत्तम. जोडीने जाणाऱ्यांना मात्र उपयोगाची नाही, कारण ती मागची सीटच व्यापते.

आणि कृपा करून हुकवाली लवचीक दोरी वापरू नका. ताणताना हूक सुटला तर थेट डोळ्यावर येतो. खड्ड्यात सामान उसळलं की ती ताणते, सामान सरकतं आणि हूक मागच्या चाकात जाऊ शकतो. बकलवाले न ताणणारे पट्टे घ्या. पट्ट्याची उरलेली टोकं गुंडाळून रबर लावा. चेन आणि चाक लोंबतं टोक कधी ओढून घेईल सांगता येत नाही.

लिंबूटिंबू

लवचीक जाळी पण नको का? सगळे तीच वापरतात की.

सह्याद्रीची_लेक

पक्क्या बांधलेल्या बॅगेच्या वर ओलं जॅकेट अडकवायला जाळी चांगली. मुख्य सामान तिच्या भरवशावर नको.

जुना_यझदी

लवचीक दोरीबद्दल ताईंना शंभर टक्के अनुमोदन. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवा. हूक नाही, घसरत नाहीत, आणि पंक्चरवाला फुकट देतो.

कलमकसाई

नियमाचंही बघून ठेवा. २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ मध्ये दुचाकीवरच्या हलक्या डब्याबद्दल तरतूद आली. लांबी ५५० मिमी, रुंदी ५१० मिमी आणि उंची ५०० मिमी यापेक्षा मोठा नसावा. डबा मागच्या प्रवाशाच्या जागेवर असेल तर गाडीवर फक्त चालकच बसू शकतो. त्या जागेच्या मागे असेल तर दुसरा माणूस चालतो. वजन उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच हवं. "मागची सीट" यांनी बॅग सीटवर चढू नये म्हटलं, तेच नियमात बसलं आहे.

त्याच नियमात मागच्या प्रवाशासाठी धरायला पक्की मूठ, फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण सक्तीचं आहे. सांगाडा बसवताना दुकानदार साडी गार्ड काढून बाजूला ठेवतात. मागे ओढणी किंवा साडीत कोणी बसणार असेल तर ते काढू देऊ नका, किंवा नवा सांगाडा तेवढंच चाक झाकतोय ना ते बघा. नंबर प्लेट, मागचा दिवा आणि इंडिकेटर हेही बॅगेमागे लपता कामा नयेत. अंधारात घाटात मागून येणाऱ्या ट्रकला तोच दिवा दिसतो.

हिंजवडी_एक्स्प्रेस

हे मापांचं माहीत नव्हतं, धन्यवाद. वाचनखूण साठवली.

नानापेठकर

दिव्यावरून आठवलं. मागे वजन वाढलं की गाडी मागून बसते आणि पुढचा दिवा वर जातो. समोरच्याच्या डोळ्यात उजेड आणि आपल्यासमोरचा रस्ता काळोखात. निघायच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी बसून, सामान लावून, भिंतीसमोर दिवा बघून खाली करा. त्याआधी मागच्या शॉकॲब्जॉर्बरची स्प्रिंग घट्ट करून घ्या. क्लासिकला त्याचे सहा टप्पे आहेत, दोन्ही बाजूंना एकच टप्पा हवा. टायरमधली हवा दोन माणसांसाठी पुस्तिकेत वेगळी दिलेली असते, ती भरा. यातलं काहीही न करता महागड्या बॅगा लावल्या तर गाडी डोलतच राहणार, आणि दोष बॅगेला मिळणार.

सुईदोरा

मी बॅगा शिवतो, व्यवसायच तो आहे. दुरुस्तीला येणाऱ्या सॅडलबॅगा बघून सांगतो. कापड क्वचितच फाटतं. फाटतो तो पट्टा जिथे बॅगेला शिवलेला असतो तो भाग. विकत घेताना कापडाच्या डेनिअरचा (धाग्याच्या जाडीचा) आकडा सगळे विचारतात, शिवण कोणी बघत नाही. पट्ट्याच्या मुळाशी चौकोनात फुलीची शिवण आहे का, आत मजबुतीसाठी आणखी एक तुकडा घातलाय का, पट्टा बॅगेच्या खालून पूर्ण फिरून आलाय का, हे बघा. खालून फिरलेला पट्टा असेल तर वजन पट्ट्यावर येतं, शिवणीवर येत नाही.

जलरोधक बॅगेची शिवण आतून पट्टी चिकटवून बंद केलेली असते किंवा कापड वितळवून जोडलेलं असतं. साध्या सुईने शिवलेली असेल तर प्रत्येक टोचा म्हणजे एक भोक. अशा बॅगेत आतून वेगळी कोरडी थैली घालावी. वाघोलीच्या डेकॅथलॉनमध्ये पाण्यातल्या खेळांसाठीच्या थैल्या मिळतात, त्या यासाठी छान चालतात.

आणि बॅग गाडीच्या ज्या भागाला टेकते तिथे पारदर्शक चिकट फिल्म लावा. कापड आणि रंग यांच्यामध्ये माती शिरली की पॉलिश पेपर तयार होतो.

लिंबूटिंबू

सुईदोरा, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच घरची बॅग उलटी करून बघितली. फुलीची शिवण आहे! जीव भांड्यात पडला.

मागची सीट

सामान काय काय घ्यायचं यावर कोणी लिहिलं नाही अजून. बहुतेक वेळा बॅग लहान नसते, सामान जास्त असतं.

कोकणात डिसेंबरात दिवसा उकडतं, पहाटे घाटात थंडी वाजते. दोन जाड स्वेटरपेक्षा एक पातळ स्वेटर आणि वरून रेनकोट पुरतो, वाराही अडतो. कपडे गुंडाळून भरा, घड्या नकोत. आमच्याकडे नियम असा की डावी बॅग त्याची, उजवी माझी. मुक्कामी पोचल्यावर कोणाचंच कोणाला उपसावं लागत नाही. फक्त वजन काट्यावर बघून एकमेकांत थोडं इकडेतिकडे करतो, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

औषधं, पाणी, टॉर्च आणि पंक्चरचं साहित्य कुलपाआड नकोत. लागतात तेव्हा लगेच लागतात.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. प्रवासाचं सगळं सामान पलंगावर मांडलं, काट्यावर तोललं. मग पुस्तिकेतल्या मर्यादेशी हिशेब मांडला. डब्यांचा सेट आणि कॅरिअर धरलं तर कपडे ठेवायला जवळजवळ काही उरत नाही. त्यामुळे डबे बाद.

असं ठरतंय: सॅडल स्टे आणि तोंड गुंडाळायच्या जलरोधक सॅडलबॅगा, टाकीवर लहान चुंबकाची बॅग, मागे गादी लावलेला लहान डबा, त्यात फक्त हलकं. बायको दुकानात सोबत येणार आहे, पोटरीची परीक्षा तीच घेणार.

दोन प्रश्न उरले. स्पितीला हेच पुरेल का? आणि गाडी रेल्वेने पाठवायची झाली तर हे सगळं कसं न्यायचं?

घाटमाथा

निर्णय आवडला. स्पितीलाही हेच पुरेल, वर कोरड्या थैलीत गरम कपडे वाढतील एवढंच. पेट्रोलच्या कॅनचा सांगाडा कोणी गळ्यात मारायला लागलं तर घेऊ नका. तुमची टाकी १३ लिटरची. किन्नौरकडून जाताना पोवारीला भरलं की काझ्याचा पंप सुमारे २०० किमीवर आहे. मनालीकडून जाणार असाल तर मनालीतच पूर्ण भरा.

कडीकोयंडा

रेल्वेचं: पुण्याहून झेलम एक्स्प्रेस दिल्लीमार्गे जम्मूपर्यंत जाते, बरेच जण तिनेच गाडी पाठवतात. पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी लागते, गाडीला पॅकिंग करून घ्यावं लागतं. बॅगा, डबा, टँकबॅग, आरसे, सगळं काढून सोबत रेल्वेच्या डब्यात न्या. गाडीवर ठेवलेलं सामान तसंच पोचेल याची खात्री नाही. कापडी बॅगा इथे जिंकतात, हे मी कबूल करतो. खांद्याला अडकवून स्टेशनात चालता येतं.

नानापेठकर

कोकणाआधी एक दिवस सगळं लावून, दोघं बसून, पानशेतला किंवा भोरला जाऊन या. निघाल्यावर वीस-तीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळायचे. सामान खाली बसतं आणि पट्टे सैल पडतात, दर वेळी. ब्रेक किती लवकर धरावा लागतो तेही त्या फेरीत हाताला कळेल.

पौड_रोडची_पहाट

आणि जाताना बॅगा गच्च भरू नका. येताना कोकम आगळ, काजू, फणसपोळी, आंबावडी येणारच. एक कोपरा रिकामा ठेवा. आगळाच्या बाटल्या उभ्या, झाकणाला चिकटपट्टी, प्लास्टिकच्या पिशवीत आणि सॅडलबॅगेत अगदी तळाशी. जड आहे ते खालीच.

कर्वेनगरकर

हे वाचून सासूबाईंची यादी आलेली आहे.

सह्याद्रीची_लेक

किनाऱ्यावरून आल्यावर एक काम विसरू नका. खारं पाणी आणि वाळू बॅगेच्या चेनमध्ये आणि बकलमध्ये राहते. चेन धातूची असेल तर मिठाने अडकते, प्लास्टिकची असेल तर वाळूने दात झिजतात.

सुईदोरा

बरोबर. आधी कोरड्या ब्रशने वाळू झटका, ओली करून घासलीत तर ती आणखी आत जाते. मग साध्या पाण्याने धुवा, साबण अगदी थोडा, गरम पाणी नको. बॅगेचं तोंड उघडं ठेवून सावलीत वाळवा, उन्हात आतली पट्टी सुटते. चेनला मेणबत्तीचं मेण चोळा. तेल लावू नका, त्यावर धूळ बसते. आणि गुंडाळायच्या बॅगा घरी ठेवताना घड्या उलगडून ठेवा. वर्षभर एकाच ठिकाणी मुडपून राहिल्या की तिथेच भेगा पडतात.

मागची सीट

कर्वेनगरकर, फोटो टाका. वहिनींनाही इथे लिहायला सांगा, पोटरीचा निकाल त्यांच्याकडूनच ऐकायचा आहे.